दोष आढळला नाही

पहिल्यांदा झालं ते फेब्रुवारीत, हॅलिफॅक्सच्या उतारावर.
पाय ठेवला तर पेडल खाली गेलं, सावकाश,
भिजलेल्या गादीत गुडघा रुतावा तसं,
आणि गाडी आपली चालली,
माझ्याशी काही देणंघेणं नसल्यासारखी.
दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा थांबली.
समोरच्या बसच्या पाठीवरची जाहिरात मला अजून पाठ आहे:
निम्म्या किमतीत सोफे, फक्त रविवारपर्यंत.

गॅरेजात क्रेगने गाडी फिरवून आणली.
त्याच्या पायाखाली ती अशी वागली
की पाहुण्यांसमोर श्लोक म्हणणारं पोर.
ब्रेक तर ठीक आहेत, लव्ह, तो म्हणाला.
इकडे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात, बस ड्रायव्हरसुद्धा.
बिलावर लिहिलं होतं: दोष आढळला नाही.
अठ्ठेचाळीस पौंड.

मीही दिवसभर हेच लिहिते,
इस्पितळाच्या लॅबमध्ये, दुसऱ्यांच्या रक्ताखाली:
विशेष काही आढळलं नाही.
त्या रात्री पहिल्यांदा वाटलं,
कुणीतरी तो कागद हातात धरून
जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलं असेल, दम लागून.

मग पॅड बदलले. मग डिस्क.
मग ब्रेकचं तेल, ते म्हणे थकलं होतं.
दर वेळी आठवडाभर गाडी शहाणी,
आणि नवव्या-दहाव्या दिवशी सिग्नलला उभी असताना
पाय पुन्हा पाताळाकडे.
क्रेगने माझ्या बुटांकडे पाहिलं.
जाड तळवे, म्हणाला, दाब कळत नाही त्यातून.
घरी येऊन मी अनवाणी पायाने
स्वयंपाकघरातली फरशी दाबून पाहिली.
फरशी कुठे जात नव्हती.

गॅरेजात बसायला तीन खुर्च्या आणि बंद पडलेलं कॉफीचं यंत्र.
तिथे नसरीनबाई भेटल्या, टोयोटा घेऊन चौथ्यांदा आलेल्या.
"हम यहाँ ब्रेक नहीं, नसीब चेक करवाते हैं,"
म्हणाल्या आणि हसता हसता पर्समधली बिलं मोजू लागल्या.
पावाची व्हॅन चालवणारा एक पोरगा म्हणाला,
मी तर दोन वर्षं हँडब्रेकवरच थांबवतो.
जुनी पाठदुखी सांगावी तसं म्हणाला.

मेमध्ये पेडल गेलं ते वर आलंच नाही.
दुसरा गिअर, पहिला, हँडब्रेक,
खाली शाळेचा नाका, पिवळ्या कोटातली बाई, मुलांची रांग,
आणि डावीकडे अ‍ॅक्रॉइडांच्या बागेची भिंत.
दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात.
पण हे सगळं गावच दगडाचं, निवडायला वीट कुठून आणू?
मी दगड घेतला.

म्हातारा सपाता घालून बाहेर आला.
आयुष्यभर लॉऱ्या चालवलेला माणूस.
भिंतीबद्दल एक शब्द नाही.
दारातून वाकून त्याने पेडल हाताने दाबलं,
इतकं हळू, जसं झोपलेल्याचं कपाळ पाहावं.
मास्टर सिलिंडर, म्हणाला. आतलं रबर गेलंय.
तेल बाहेर गळत नाही, आतल्या आत मागे फिरतं.
जोरात दाबलं की धरतं, हळू दाबलं की सोडतं.
तुमचा तो मेकॅनिक जोरात दाबत असणार.

क्रेगने सिलिंडर बदलला.
बिलावर टाकलं: ग्राहकाच्या आग्रहास्तव.

आता थांबते गाडी. एकदा सांगितलं की थांबते.
मी मात्र आधीच, दोनशे फुटांवरूनच दाबायला लागते,
मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.
भिंत बांधून झाल्यावर एक दगड उरला,
अ‍ॅक्रॉइड म्हणाले, ठेवा, चढावर चाकाखाली लावायला.
तो शेजारच्या सीटवर असतो.
वजनामुळे गाडीला वाटतं कुणी बसलंय,
आणि ती किंचाळत राहते,
म्हणून निघण्यापूर्वी
मी त्याला पट्टा लावते.