कसर

आत या, पटकन. दार फार वेळ उघडं ठेवत नाही.
आज नदीवरून धुकं चढलंय
आणि धुक्याला पुस्तकांची फार ओढ.
कोइंब्रात हे रोजचंच.
दहा मिनिटं आहेत आपल्याकडे. फोटो नाहीत.
हो, तुम्हीसुद्धा, छत्रीवाले.

भिंती जवळजवळ सात फूट जाड.
शिड्या कपाटांच्या पोटात लपवलेल्या,
ओढल्या की सुळकन बाहेर येतात. ओढू नका.
सोन्याचा मुलामा जिथे तिथे, आणि टोकाला राजा.
सगळे मान वर करून राजाकडे बघतात.
मी टेबलांकडे बघते.

रात्री इथे पाकोळ्या उडतात.
घाबरू नका, अंगठ्याएवढ्या.
कसर, पतंग, कागदावर जगणारं जे जे काही
ते खातात. पगार नाही, रजा नाही.
आपण फक्त संध्याकाळी टेबलांवर कातडं अंथरायचं
आणि सकाळी लेंड्यांसकट उचलायचं.

सव्वीस वर्षं ते माझी आई उचलायची. एर्मेलिंदा.
तिला सहीपुरती अक्षरं यायची,
पण कातडं वाचता यायचं.
खिडकीशी नेऊन तिरपं धरायची,
आणि सांगायची, डॉक्टर, लाल दालनात
डाव्या हाताला बघा, वरून तिसरा कप्पा.
ग्रंथपाल हसायचे. मग शिडी ओढायचे.
मग हसायचे नाहीत.
जेवताना आम्हाला बातम्या मिळायच्या:
काल धर्मशास्त्रावर ही गर्दी,
वैद्यकाकडे कुणी फिरकलं नाही.

काय रे बाळा? नाही, दिवसा दिसत नाहीत.
मी एकदाच, नऊ वर्षांची असताना,
दिवे गेल्यावर टेबलाखाली राहिले होते.
डोळ्यांना काही नाही. कानांना काही नाही.
केसांना कळलं.
आईनं त्या रात्री मला बदडलं,
आणि मग, दिवा मालवल्यावर, हळूच विचारलं,
किती होत्या गं?
तिनं स्वतः कधीच पाहिल्या नव्हत्या.

निवृत्त झाली तेव्हा मानपत्र मिळालं.
जाड कागद, लाखेची मोहोर, लॅटिनच्या दोन ओळी
ज्या मलाही वाचता आल्या नाहीत.
काचेत घालून भिंतीला टांगलं. आमचं घर खाली,
नदीजवळ, भिंतींना बारा महिने ओल.
परवा पुसायला काढलं तर
नावातलं अर्धं कसरीनं नेलेलं. एर्मे उरलंय.
लिंदा म्हणजे आमच्याकडे सुंदर.
मी हळहळले. आई शेंगा सोलत होती.
म्हणाली, मग काय,
आपल्याकडे पाकोळ्या कुठायत?

चला, झाली वेळ. खाली तुरुंग आहे,
जुन्या काळच्या विद्यार्थ्यांचा. डोकं सांभाळा,
चौकट बुटकी आहे.
आणि शेवटी कोण राहिलंय?
तुम्ही? दार ओढून घ्या.
घट्ट.