उधारी

मेडिकल चौकातल्या बिसेनच्या टपरीवर
एक लाल वही आहे.
तिच्यात मी:
'डॉ. मेश्रामबाई, वॉर्ड २३,
तर्री-पोहा दोन, चहा सात.'

मार्चचा स्टायपेंड निघाला नाही,
मे संपत आला.
कूलरमध्ये पाणी नाही. छत्तीस तासांत
मी एकदाच बसले,
बेड नऊची नाडी हरवली तेव्हा.

आई ब्रह्मपुरीहून विचारते,
पगार झाला का गं?
झाला, म्हणते.
फोनलासुद्धा स्पिरिटचा वास.

बिसेन कधी मागत नाही.
आज फक्त म्हणाला,
"मॅडम, पोराचा खोकला जाऊन नाही राहिला.
पाहता का?"
बाकावरच पाहिलं, पाठीला कान लावून.

त्यानं वही उघडली,
एक चहा खोडला.
मग जरा थांबून
अजून एक.