इतिवृत्त वाचून कायम

वही पहिली. कातडी पुठ्ठा, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला.
सन अठराशे एक्कावन्न, मार्चचा दुसरा शनिवार,
गाव टॅलो फोर्ड, आर्कान्सा.
सभा इरास्टस पिल्किंग्टनच्या गिरणीत,
कारण गावात तेवढंच छप्पर गळत नव्हतं.
हजर: सात पुरुष, नावानिशी.
'आणि त्यांच्या बायका.'
त्याखाली, पातळ शाईत:
'डॉर्कस, स्ट्रॅटन यांची.'

बायको नव्हे. नुसतं, यांची.

एकतीस वर्षं मी या मंडळीची लेखनिक.
त्याआधी पाणीपट्टीच्या कचेरीत होते,
कुणाचं नाव कुठल्या खात्यावर, हे बघायची सवय जात नाही.

पुढची पानं शिस्तीची.
ब्रदर लेम्युएल नाचला म्हणून काढला.
रडला, परत घेतला.
पुन्हा नाचला.
सिस्टर टॅबिथा शेजारणीच्या कोंबडीवरून खोटं बोलली,
उभं राहून कबूल केलं.
कोंबडीचं काय झालं, लिहिलेलं नाही.

घंटा चौदा डॉलरची, नदीत बुडालेल्या आगबोटीवरची.
काठावर बोटीचं नाव तसंच आहे, 'मिनर्व्हा के.'
दर रविवारी तीच आम्हाला प्रार्थनेला बोलावते.

सदुसष्ट सालच्या पानावर एकच ओळ:
'काळ्या सभासदांस, एकूण तेवीस, निरोपाची पत्रं देण्यात आली. मंजूर.'

एकदा मी रुळांपलीकडे गेले, माउंट नेबो चर्चमध्ये.
त्यांचे लेखनिक ऑसिओला गेन्स, नव्वदीचे,
त्यांनी मला आधी ताक-पाव वाढला, मग वही काढली.
पान एक: 'पत्रं मागितली. दोन महिने दिली नाहीत.
मग न घेताच निघालो.'
आणि तेवीस नावं. पहिलं, डॉर्कस मेबरी.
मेबरी कुठून आलं, मी विचारलं.
'तिला आवडलं असेल,' म्हणाले,
आणि वही मिटली.

एकोणीसशे अकरा. पियानो आला, अर्धी मंडळी गेली.
रस्त्यापलीकडे त्यांनी दुसरं चर्च बांधलं,
खिडक्या आमच्याकडे तोंड करून,
आणि वाद्याशिवाय, चढ्या आवाजात, आमच्यावर गायले
एकोणीस वर्षं.

नदीतला बाप्तिस्मा छप्पन्न साली बंद झाला.
वेदीमागे हौद बांधला, भिंतीवर जॉर्डन नदी हवी होती.
पाट्या रंगवणारा ऑरिन व्हॉस याने जॉर्डन पाहिली नव्हती.
त्याने आमचीच नदी काढली, गिरणीसकट,
आणि काठावर पाणी पिणारी एक गाय.
समितीने ठराव केला, गाय झाकावी.
त्याने तिच्यावर झुडूप रंगवलं.
पण हौदाची ओल. पोपडे धरले.
मी पाण्यात उतरले तेव्हा एक शिंग दिसत होतं.
माझ्या नातवाच्या वेळी अख्खं डोकं,
आणि पाळक 'पित्याच्या नावाने' म्हणत असताना
पोरगं तिच्याकडे बघून हसलं.

काल बुधवारची सभा. हजर नऊ,
दहावी सिस्टर डोव्ही, वृद्धाश्रमातून, फोनवर.
ब्रदर फिंचम म्हणाले, मागील सभेचे इतिवृत्त कायम करायचे का?
मी म्हटलं, एक दुरुस्ती आहे.
कुठल्या सभेची?
पहिल्या.

हीटर टकटकला. कुणीतरी घसा साफ केला.
अनुमोदक लागतो, ब्रदर फिंचम म्हणाले,
वाईट वाटून नव्हे, नियम म्हणून.
नऊ जण आपापल्या गुडघ्यांकडे बघत राहिले.
मग फोनमधून: 'नीट ऐकू येत नाही,
पण व्हर्नेलचं आहे ना? मग माझं अनुमोदन.'

लिहिलं. डॉर्कस मेबरी.
सातांपैकी पाच बायका मी थडग्यांच्या दगडांवरून शोधल्या होत्या,
कोळशाने कागद घासून: परमिलिया, ओल्ली, झिल्फा,
दोघी सुझॅना.
उरलेल्या दोघींसाठी दोन ओळी कोऱ्या सोडल्या.

पुढचा विषय: छप्पर.