अधिक-उणे

डब्यातून काढते तेव्हा फिल्म फिकट पिवळी असते,
हळदीच्या पाण्यात एकदाच बुडवून काढल्यासारखी.
कडेनंच धरायची. बोटाचा डागसुद्धा
मात्रा म्हणून मोजला जातो.
कोपऱ्यात पेनानं बाण: ही बाजू वर.
स्कॅनरवर आडवी ठेवली तर एक आकडा,
उभी ठेवली तर दुसरा,
दोन्ही तितकेच ठाम.

विश्रामबागेतलं तळघर.
जुबेर सतारमेकर शिशाचं दार लोटतो,
(त्याच्या मिरजेच्या घरी आढ्याला अजून भोपळे वाळत असतात)
आणि मी प्लॅस्टिकच्या पाट्यांच्या चळतीत
फिल्म सरकवते तिथं,
जिथं सोमवारी आण्णासो उगारेंचा गळा असेल.

मार्केट यार्डात चाळीस वर्षं
त्यांनी हळदीचे सौदे पुकारले.
आता स्वरयंत्रावर गव्हाएवढी गाठ,
आवाज सुपात खडे घोळवल्यासारखा.
पहिल्या भेटीत यंत्राकडं बघून म्हणाले,
"म्याडम, काटा बरोबर हाय न्हवं?"
मी हो म्हटलं.
दुसरं काय म्हणणार?

किरण थांबतो, फिल्म थांबत नाही.
जाळ ओढून घेतल्यावरही
दूध आटत राहावं, तसा रंग चढत राहतो.
म्हणून चोवीस तास.
काळ्या पाकिटात ती अंधारात हिरवी होत असते
आणि मी घरी मेथी निवडत असते.

दुसऱ्या दिवशी स्कॅनर पाच वेळा रिकामाच फिरवायचा,
दिवा तापेपर्यंत त्याचं खरं नसतं.
मग हिशेब:
थराची जाडी या खेपेची, मागच्या खेपेची,
काचेच्या मध्यावरचा रंग आणि कडेचा,
तळघरातली ओल, ट्यूबलाइट, माझी घाई,
आणि ज्या चेंबरवरून ही सगळी पट्टी आखली
त्याच्या दाखल्यावरही शेवटी
अधिक-उणे लिहिलेलंच.
सगळ्यांचे वर्ग, त्यांची बेरीज, तिचं मूळ.
सगळ्या चुका एकाच दिशेला ढकलणार नाहीत
असं यात गृहीत असतं. माणसांबद्दल मी
असं काही गृहीत धरलं नसतं.

उत्तर: हवं त्याहून अडीच टक्के कमी.
अधिक-उणे तीन.

म्हणजे कदाचित काहीच कमी नाही.
म्हणजे कदाचित साडेपाच टक्के कमी,
आणि गाठीतलं काहीतरी तग धरेल.
डॉ. मेढेकर फोनवर: "एक आकडा सांगा ना."
तीन नवे तुकडे कापले. पुन्हा एक रात्र.
एक अडीच, एक सव्वा, एक पावणेचार.
सरासरी पुन्हा अडीच.

सोमवारी आण्णासोंनी माझ्या हातातला कागद वाकून पाहिला.
"हे अधिकाच्या पायाशी उणं कशाला बसवलंय?"
जमेल तसं सांगितलं. जुबेर मास्क कोमट पाण्यात
मऊ करायला ठेवलेल्या जाळीकडं बघत उभा.
आण्णासो बराच वेळ गप्प.
मग त्या खड्यांच्या आवाजात:
"पोत्यामागं आम्ही बी घट धरतोच की.
हळद वाळती. किती वाळंल, कुणी सांगावं?
पुकारताना मातूर एकच आकडा.
त्याबिगर सौदा व्हत न्हाई."

मी सही केली.
शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून उभी राहिले,
कारण नव्हतं.

अठ्ठावीस दिवस झाले, संपले.
दिवाळीनंतर त्यांचा फोन आला होता, जुबेरनं घेतला.
"आवाज ओळखला नाही," म्हणाला,
"नाव विचारावं लागलं."
चांगला होता की वाईट?
"वेगळा होता."

पहिली फिल्म अजून कपाटात आहे.
परवा दुसरंच काही शोधताना हाती लागली.
पूर्वीपेक्षा किंचित गडद वाटली.
मोजली नाही.