दुसऱ्या हॉर्नची जागा

पार्नूच्या वाद्यवृंदाचं ग्रंथालय म्हणजे
बॉयलरशेजारची एक खोली.
हिवाळ्यात मी तिथे जेवायला जाते,
खरं सांगायचं तर ऊब खायला.

डबा ठेवायला जागा करताना
एक खोकं हाताला लागलं.
सुतळीची निरगाठ, अशी आवळलेली
की बांधणाऱ्याला हे पुन्हा कुणी उघडेल
असं वाटलंच नसावं.
वर जांभळ्या शाईत: हुगो लेपासार. सिंफनी. एकच.

पहिली नाही, दुसरी नाही. एकच.
दारावर लिहावं तसं: आत एकटाच राहतो.

कोण हा? तीउने जुनी पगारपत्रकं चाळली,
चर्चच्या वह्या चाळल्या.
वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक.
बाजारात त्याने तराजू उचलला की
हेरिंग विकणाऱ्या बायका गप्प व्हायच्या.
आणि संध्याकाळी घरी जाऊन हे.

मापात पाप नाही, ते पहिल्या पानावरच कळतं.
शांतता सुद्धा तोलून दिलेली,
वर चिमूटभर नाही.

अख्खी संहिता कुठेच नव्हती.
वादकांच्या सुट्या वह्या तेवढ्या,
आणि त्यांत पेन्सिलीने बसलेली माणसं.
बसूनवाला लिहितो: बोटं गारठली, फेब्रुवारी.
चेलोच्या तिसऱ्या वहीत:
बटाटे, रॉकेल, राखाडी लोकर.
एका सुरावर कुणी फुली मारून लिहिलंय, चूक.
त्याखाली दुसरं अक्षर:
चूक नाही, पुन्हा ऐक.

दुसऱ्या हॉर्नची वही मात्र नव्हती.

"विसरला गेला तो उगीच नाही,"
ट्रंपेटमधलं पाणी झटकत एंडेल म्हणाला,
आणि पहिला भाग त्याच्याच बाजूने साक्ष देत होता,
खोटं कशाला बोलू.
इस्त्री केलेलं, कॉलरची बटणं लावलेलं संगीत.

मग संथ भाग.

सव्वीस वर्षं मी व्हायोला वाजवते.
आम्ही म्हणजे भिंतीतली माती.
रंग व्हायोलिनांचा, पाया चेलोंचा,
आम्हाला कुणी बघितलं तर
समजावं, भिंत पडलीय.
आणि इथे सगळे थांबले,
टिंपनीवाल्याने कातड्यावर तळवा ठेवला,
आणि चाल आमच्याकडे आली.
मोजून एकोणीस आवर्तनं.
शेजारच्या हिल्याने वळून पाहिलं,
परक्या गावात कुणी नावाने हाक मारली तर
पाहतात तसं.

त्यानंतर पहिला हॉर्न काहीतरी विचारतो.
तीन सूर. आणि उत्तराची जागा रिकामी.
असं तीनदा.
मार्गुस म्हणाला, मी लिहून काढतो, अवघड नाही.
लिहिलंही. बरोबर वाटत होतं.
तेव्हा म्हातारा रेइन हॉर्न मांडीवर ठेवून म्हणाला,
"वजन कमी भरलं तर कमीच लिहायचं.
बोटाने पारडं दाबायचं नाही."

मार्चमधला गुरुवार. त्रेसष्ट माणसं,
त्यातली काही, सभागृह गरम असतं म्हणून.
पहिल्या रिकाम्या जागेत कुणीतरी खोकलं.
दुसरीत रेडिएटर टकटकला.
तिसरीत
कुणीच काही केलं नाही.

शेवटचा भाग लांबतो,
दाराशी कोट घालून पुन्हा गप्पांत अडकलेल्या
पाहुण्यासारखा.
थोर म्हणावं असं त्यात काही नाही.
तरी पेटी बंद करताना एंडेल
आमचीच चाल शिटीवर वाजवत होता.
विचारलं तर म्हणाला, कोण, मी?

माझ्या वहीत मी तारीख घातली,
एकोणिसाव्या आवर्तनापाशी लिहिलं, इथे घाई नको.
मग खोकं बांधलं, पण सुरगाठीने,
एका बोटाने ओढली तरी सुटेल अशी.

शेजारच्या खोक्यावर नावच नाही.
उद्या डबा तिथे ठेवणार आहे.