सरासरी अडतीस

हेराल्डचं आख्खं तोंड पुढे उघडतं, मडगार्डांसकट,
मग भूमय्या चाकावरच बसतो, इंजिनाशेजारी,
दाढ बघणाऱ्या डॉक्टरासारखा.

मिलमध्ये वीस वर्षं साच्यांवर होता.
टॅपेट ऐकून म्हणतो, "तिसरा धोटा अडखळायलाय."

रेडिओ काढला. घड्याळ ठेवलं.
पोटाखाली पत्रा ठोकला, अक्कलकोट रोडच्या भंगारातला.
सीटखाली चादरीची घडी,
दुसऱ्या प्रतीची, मोर उलटा विणलेला.

तुळजापूर रस्त्यावर, ऊन चढायच्या आत,
दगड मोजत आलो.
मीटर किलोमीटरमागे तीस मीटर खोटं बोलतो.
वहीत लिहिलं.
खोटं ठरावीक असलं की चालतं.

नियम वाचून दाखवले त्याला:
उशिरा पोचलं तर गुण जातात,
लवकर पोचलं तर जास्त जातात.

तो कार्ब्युरेटरचा जेट ओठांशी धरून फुंकत राहिला.
मग म्हणाला,
"भोंग्याच्या आधी गेलो तरी
गेट कुठं उघडायचं ओ?"

आता तिथे गेटच नाही, नुसती भिंत, तीही अर्धी.
तरी चाचणीला निघालो की
तेवढ्या टप्प्यात त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून
जरा उचलला जातो.

मी काही बोलत नाही.
सरासरीत
ते चार सेकंद धरून ठेवतो.