मूठ

दोघांची तक्रार एकच, शब्दही तेच:
"बसल्यालं उठवत न्हाई, डॉक्टर."
गंगावेशीत, माडीवरच्या माझ्या दवाखान्यात
एकाच बाकड्यावर, सोमवारी सकाळी,
गुळाच्या अडतीत जन्मभर हिशेब लिहिलेल्या सुलोचनाक्का
आणि सुभाषनगरचे नारबा सातपुते,
चपलेची वेणी घालण्यात ज्यांचा हात धरणारं कुणी नाही.

आक्का सांगत होत्या: पहाटे अंगाचं लाकूड होतं,
दंड वर जात नाहीत, अंबाडा सून बांधते,
अकरा वाजले की जरा सैल.
नारबा म्हणाले, "माझंबी तसंच धरा."
मी तसंच धरलं.

दोघंही सत्तरीपुढचे, दोघांचा ईएसआर वर,
त्यांचा जरासाच, पण वर.
दोघांनाही तीच गोळी, स्टेरॉइडची, लहान मात्रेत.

चौथ्या दिवशी आक्का जिना चढून आल्या
आणि दारातच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या:
स्वतः बांधलेला अंबाडा.

नारबा आले दोन महिन्यांनी, नातवाच्या खांद्यावर हात टाकून.
रंकाळ्याच्या पायरीवर गुडघा निसटला होता.
"दुखतंय?"
"दुखत न्हाई वं. हुतच न्हाई."

दुखतं म्हणून होत नाही, की होतच नाही?
पहिल्या दिवशी विचारायचा असतो हा प्रश्न.
परीक्षेत मी तो लिहिला होता, गुणही मिळाले होते.

म्हटलं, मूठ मिटा.
बोटांची टोकं तळव्यापर्यंत पोचलीच नाहीत,
डाव्या हाताची तर निम्म्यातच थांबली.
मांड्या पुढून ओसरलेल्या,
धोतराखाली कुणी पाहिल्या नव्हत्या. मीही.

सीके वाढलेलं. मांडीचा तुकडा पुण्याला गेला,
उत्तर आलं: पेशीपेशीत काठ असलेल्या पोकळ्या.
आरीनं टोचून ठेवलेलं,
दोरा न ओवलेलं चामडं आठवलं मला.
गोळी बंद केली. या दुखण्याला ती लागू पडत नाही,
दुसरी कुठली देऊ, तेही मला सांगता येईना.

नारबा माझं ऐकत नव्हते.
माझ्या पायांकडे बघत होते,
दोन वर्षांपूर्वी त्यांनीच दिलेल्या जोडाकडे.
डाव्या वेणीचा तिसरा पेड ढिला, पहिल्या दिवसापासून.
मला वाटलं होतं, वय झालं म्हाताऱ्याचं.

"काडा ती," ते म्हणाले,
"नातवाकडनं आवळून आणतो."

काढून दिली.
पुढचा पेशंट अनवाणीच तपासला,
आणि नाव विचारायच्या आधी
त्याला मूठ मिटायला सांगितली.